पद गाण्याआधी

संगीत नाटकातले पद आणि मैफलीतली चीज यांत फरक कोणता, असे आपल्यापैकी कोणाला विचारले तर बहुतेक जण सांगतील की चीज मोठी असते आणि पद लहान असते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. गेल्या वर्षी आपल्या वाईतील काही हौशी मंडळींनी 'संगीत स्वयंवर' या नाटकातील निवडक प्रवेश बसवायचे ठरविले आणि भूमिकांसाठी निवड चाचणी ठेवली. रुक्मिणीच्या भूमिकेसाठी ज्यांना यायचे असेल त्यांनी 'मम आत्मा गमला' हे पद तयार करून यावे, अशी अट होती. तयारीला एक महिना होता. त्या महिन्यात या एका पदाचा जो अभ्यास झाला तो माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, प्रेमाचे अवघड पद आधी बोलता आले पाहिजे; ते बोलता आले म्हणजे मग गाता येते.

हे पद अवघड का?

आपल्या भागाला नाटकाची परंपरा नवी नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेथून मराठी रंगभूमीचा इतिहास सांगितला जातो. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले आणि १८८२ साली 'सौभद्र'. 'सौभद्रा'त शंभराहून अधिक पदे आहेत. एवढी पदे एका रात्रीत गायची म्हटल्यावर ती आटोपशीर असणारच. साकी, दिंडी, कामदा, लावणीच्या आणि कर्नाटकी पदांच्या चाली अशा लोकांच्या कानांवरच्या वळणांत किर्लोस्करांनी कथा पुढे नेली. पद झाले की गोष्ट पुढे सरकते, असा तो हिशेब होता.

'स्वयंवर' हे १९१६ सालचे नाटक. लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, हेही मूळचे सांगलीचेच. गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले, रुक्मिणीची भूमिका बालगंधर्वांनी केली आणि चाली भास्करबुवा बखले यांनी दिल्या. भास्करबुवांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा मोठ्या उस्तादांकडून विद्या घेतली होती. साहजिकच त्यांच्या चालींत ख्यालाचे अंग आले. रागाची बढत, तानेची जागा, समेवर येण्याची ऐट हे सारे मैफलीतून नाटकात शिरले. पाच वर्षे आधी, १९११ साली, 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनी या वाटेने पाऊल टाकलेच होते. 'स्वयंवरा'त ती वाट रुंद झाली.

म्हणून या पदात दोन गोष्टींची ओढाताण आहे. राग म्हणतो, थांब, मला फुलू दे. नाटक म्हणते, प्रसंग चालू आहे, रुक्मिणीला काही सांगायचे आहे. ज्याचा गळा तयार आहे तो पहिल्या हाकेला ओ देतो आणि रुक्मिणी मागे राहते. ज्याला नुसता अभिनय येतो त्याला सूर सापडत नाही. अवघडपणा तानांपेक्षा या ओढाताणीत अधिक आहे.

प्रसंग आणि शब्द

पहिला आठवडा मी पद गायलेच नाही. गुरुजींनी पेटी उघडलीच नाही. "आधी ही मुलगी कोण ते सांग," असे ते म्हणाले.

रुक्मिणी ही विदर्भाची राजकन्या. तिचा भाऊ रुक्मी याने तिचे लग्न शिशुपालाशी ठरविले आहे. तिचे मन मात्र कृष्णावर जडले आहे. भागवताच्या कथेत ती स्वतः कृष्णाला निरोप धाडते आणि आपल्याला घेऊन जा म्हणून कळविते. हीच कथा एकनाथांनी १६ व्या शतकात 'रुक्मिणीस्वयंवर' या ओवीबद्ध ग्रंथात सांगितली. लग्न लवकर जुळावे म्हणून मुलीने हा ग्रंथ वाचावा, अशी चाल आपल्याकडील कित्येक घरांत आहे. गंमत अशी की, ज्या मुलीने आपला वर आपणच निवडला तिची कथा आपण वडीलधाऱ्यांनी निवडलेले स्थळ जुळावे म्हणून वाचतो. मला यात कोणाची थट्टा करायची नाही. पण पदाचा अभ्यास करताना हे लक्षात घ्यावेच लागते की, हे पद लाजऱ्या मुलीचे नुसते सुस्कारे नाहीत. मन कुठे लागले आहे हे ती स्वतःपाशी कबूल करते आहे, आणि त्या कबुलीची किंमत पुढे तिला मोजावी लागणार आहे.

दुसरी गोष्ट, पदात कृष्णाला 'तू' म्हटलेले नाही. त्याच्याविषयी बोललेले आहे. म्हणजे हे प्रियकरासमोरचे गाणे नव्हे. जे मनात आहे ते तोंडातून बाहेर पडते आहे. हे समजले की नजर कुठे ठेवावी, हात किती हलवावा हे प्रश्न निम्मे सुटतात. समोरच्या प्रेक्षकाकडे रोखून पाहत हे पद म्हणता येत नाही.

आता शब्द. 'गमला' हा शब्द आज शहरी बोलण्यात फारसा राहिलेला नाही. जुन्या मराठी काव्यात 'गमणे' म्हणजे वाटणे, भासणे. पदात हाच अर्थ आहे : तो मला माझा आत्माच वाटला. पण हा शब्द माझ्या कानाला परका नव्हता. धाकटी आत्या सासरी गेली तेव्हा आजी कितीतरी दिवस म्हणत होती, "पोरगी गेल्यापास्नं घरात गमंना." तेथे गमणे म्हणजे रमणे, करमणे. एका शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी ठेवून पाहिल्यावर पदातला 'गमला' मला कोरडा राहिला नाही. जो आपला वाटतो त्याच्यावाचून करमत नाही, हे काही वेगळे शिकवावे लागत नाही. नाट्यपदांची भाषा संस्कृत वळणाची म्हणून आपण तिच्यापासून दूर राहतो. पण तीत आपल्या आजीचे शब्दही बसलेले असतात.

उच्चार

दुसरा टप्पा उच्चारांचा. याविषयी थोडे स्पष्ट लिहिते, कारण आपल्यापैकी अनेकांना ही अडचण आहे.

आमच्याकडे पाण्याला 'पानी' म्हणतात आणि लोण्याला 'लोनी'. 'रुक्मिणी' हे नावही 'रुक्मिनी' असेच येते, नाहीतर सरळ 'रखुमाई'. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे 'ण' आणि 'न' यांचा हिशेब घरी कोणी मागितला नाही. शाळेत एकदा कविता म्हणताना या 'न'वरून वर्गात हशा पिकला होता. अशा हशाने मुले बोलायची थांबतात, गायची तर गोष्टच सोडा.

गुरुजींनी हा विषय फार साधेपणाने हाताळला. ते म्हणाले, "घरची भाषा घरी. रुक्मिणीची भाषा रंगमंचावर. नाटकात शालू नेसलीस म्हणून घरचं लुगडं हलकं होत नाही." मग रोज अर्धा तास नुसते वाचन. 'ण' म्हणताना जीभ वर वळून टाळूला लागते, 'न' म्हणताना ती दातांपाशी राहते. हे आरशात पाहून, मोठ्याने, सावकाश म्हणायचे. 'आत्मा' या शब्दात 'त' आणि 'म' यांचा जोड आहे. तो नीट वाजला पाहिजे, पण लांबवायचा तो 'आ'. स्वर व्यंजनावर ताणता येत नाही. ताणायला गेले तर गळा आवळतो आणि शब्द फुटतो. म्हणून प्रत्येक शब्दात लांबविण्याची जागा कोणती, हे मी वहीत पेन्सिलीने खुणा करून ठेवले. 'ळ' या पदात पुन्हा पुन्हा येतो. तो मात्र आम्हा गावाकडच्या मुलांचा हक्काचा आहे. त्याला कोणाची शिकवणी लागली नाही.

ताल आणि दम

मग हातावर ताल. पद सोळा मात्रांच्या त्रितालात आहे : चार-चार मात्रांचे चार भाग, पहिल्या मात्रेवर सम, नवव्या मात्रेवर खाली. सूर न लावता, टाळी देत, शब्द नुसते बोलायचे. कोणते अक्षर समेवर पडते, कोणते खालीवर, हे अंगात भिनेपर्यंत तेवढेच करायचे. येथे मला घरची पुंजी उपयोगी पडली. आमच्या घरात शास्त्रीय गाणे नव्हते, पण भजन होते. वडील गावच्या भजनी मंडळात टाळ धरतात. सप्ताहात रात्ररात्र पखवाज ऐकलेला असल्याने लय सुटण्याची भीती मला कमी वाटते. ज्यांच्या घरी भजन आहे त्यांनी आपल्याला 'संगीताचे काही येत नाही' असे कधी म्हणू नये.

पण भजन आणि पद यांत एक भेद आहे. भजनात दम संपला तर बाकीचे लोक ओळ उचलतात. पदात आपण एकटे. म्हणून श्वास कोठे घ्यायचा हे आधी ठरवावे लागते. नियम असा की, जेथे बोलताना आपण थांबू तेथेच गाताना श्वास घ्यावा. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये श्वास घेतला तर अर्थ तुटतो. 'आत्मा' म्हणून थांबले आणि श्वास घेऊन 'गमला' म्हटले, तर ऐकणाऱ्याला दोन सुटे शब्द ऐकू येतात. वाक्य ऐकू येत नाही. आधी बोलण्याचा जो आग्रह मी धरते त्याचे खरे कारण हे आहे. बोलताना श्वासाच्या जागा आपोआप बरोबर सापडतात.

बिहाग

तिसऱ्या आठवड्यात पेटी उघडली. पद बिहाग रागात आहे. बिहागात आरोहात रिषभ आणि धैवत वर्ज्य आहेत. अवरोहात सातही स्वर येतात. वादी गंधार, संवादी निषाद. शुद्ध मध्यम मुख्य, आणि तीव्र मध्यम पंचमाच्या आधाराने येतो. गाण्याची वेळ रात्रीचा दुसरा प्रहर. एवढे पुस्तकात मिळते. गाताना जपायचे ते असे की, उतरताना रिषभ आणि धैवत यांच्यावर थांबायचे नाही. त्यांना स्पर्श करून पुढे जायचे. ते रेंगाळले की बिहागाचा चेहरा बदलतो. तीव्र मध्यमाचेही तसेच. तो गोड लागतो म्हणून वारंवार घेऊ नये.

याचा रुक्मिणीशी संबंध काय? मला तो असा जाणवला. ज्या स्वरांवर थांबायचे नाही त्यांना शिवून परत गंधारावर यायचे, यात एक आवरलेली ओढ आहे. मुलीला सांगायचे आहे, पण सारे सांगायचे नाही. भास्करबुवांनी हाच विचार करून राग निवडला असे मी म्हणणार नाही. पण गाणाऱ्याला हा संबंध मनात धरता येतो आणि त्याचा उपयोग होतो.

ताना अगदी शेवटी. गुरुजींचा नियम : ज्या शब्दावरून तान निघाली त्या शब्दाची आठवण ठेवून ती परत आली पाहिजे. तान संपल्यावर श्रोत्याला 'रुक्मिणी काय म्हणत होती?' असे विचारावे लागले, तर तान कितीही दाणेदार असली तरी नाटकात ती फुकट. मी तीनच ताना ठेवल्या, तिन्ही लहान.

ध्वनिमुद्रिका आणि आपली पट्टी

बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका आज मोबाईलवरही ऐकायला मिळतात. त्या ऐकाव्यातच, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. पहिली : त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. रंगमंचावर बालगंधर्व 'वन्स मोअर' घेत तेच पद कितीतरी वेळ गात आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. म्हणजे तबकडी हे त्या गाण्याचे आटवलेले रूप आहे. चाचणीसाठी मात्र तेच सोयीचे, कारण परीक्षकही तेवढाच वेळ देतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर गायक नटांची निवड करताना पुष्कळदा गाण्याचा सोळा किंवा बत्तीस 'बार' एवढाच तुकडा ऐकतात. थोड्या वेळात काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे तबकडीकडून शिकण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट पट्टीची. रुक्मिणी स्त्री असली तरी ते पद एका पुरुषाच्या गळ्यासाठी बसविलेले आहे. मुलींनी तबकडीबरोबर त्याच पट्टीत गायचा हट्ट धरला तर खालचे सूर पोकळ लागतात. मला काळी चार सोयीची पडते. तीच मी ठेवली. नक्कल करायची तर शब्द टाकण्याची करावी, आवाजाची नव्हे. बालगंधर्वांच्या गाण्यात शब्द कधी चिरडलेला ऐकू येत नाही, आणि शिकण्यासारखे पहिले तेच आहे.

संकोच

शेवटची अडचण सुराची नव्हती. एकोणीस वर्षांच्या मुलीने आपल्याच तालुक्याच्या गावी, ओळखीच्या माणसांपुढे उभे राहून प्रेमाचे पद म्हणायचे, ही ती अडचण. आई म्हणाली, "असलं गानं समद्या मानसांपुढं म्हनायचं व्हय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मराठी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका कितीतरी वर्षे पुरुषांनी केल्या, त्यामागेही हाच प्रश्न होता. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या स्त्रिया उभ्या राहिल्या तेव्हा ती मोठी घटना ठरली. हिराबाई बडोदेकरांनीही त्याच सुमारास संगीत नाटकांत भूमिका केल्या. त्या काळी त्यांच्या घरांत काय काय बोलले गेले असेल, याची कल्पना मला आईच्या एका वाक्याने आली.

आईला उत्तर मी दिले नाही; आजीने दिले. ती म्हणाली, "रखुमाईचंच हाय न्हवं? मग लाज कसली?" आजीच्या त्या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला. आमच्या गावी सप्ताहात विरहिणी म्हणतात. त्यांत बाईच्या तोंडची ओढ असते, वाट पाहणे असते, आणि मिशा पिकलेली माणसे डोळे मिटून ती गातात. कोणाला संकोच वाटत नाही, कारण गाणारा स्वतःचे गाऱ्हाणे सांगत नसतो. तो दुसऱ्याच्या जागी उभा राहिलेला असतो. पदाचेही तसेच आहे. आपण रुक्मिणीच्या जागी उभे राहतो. तिचा प्रसंग, तिचे शब्द, तिचे थांबणे हे जितके पक्के, तितके आपण त्यामागे सुरक्षित. तयारी कच्ची असली की मात्र प्रेक्षकाला रुक्मिणी न दिसता आपणच दिसतो, आणि संकोच तेथे सुरू होतो.

चाचणी

चाचणीच्या दिवशी आठ मुली होत्या. माझी पाळी आली तेव्हा परीक्षकांपैकी एका वयस्कर बाईंनी पेटीवाल्यांना हाताने थांबविले आणि मला म्हणाल्या, "बाळ, आधी नुसतं म्हणून दाखव." मी म्हटले. मग गायले. रुक्मिणीची भूमिका माझ्यापेक्षा किती तरी वर्षे अधिक शिकलेल्या मुलीला मिळाली, आणि तिचे गाणे ऐकल्यावर ते योग्यच झाले असे मला वाटले. मला सखीची भूमिका मिळाली. शिवाय रुक्मिणीची पदे तयार ठेव, असेही सांगण्यात आले. तालमी अजून चालू आहेत. चाचणीच्या दिवशी आई सभागृहात मागच्या ओळीत येऊन बसली होती, हे मला नंतर कळले. तिने गाण्याविषयी काही विचारले नाही. "घसा बसला न्हाई न्हवं?" एवढेच विचारले.

जाता जाता आपल्या महाविद्यालयापुढे एक सूचना ठेवते. मराठीच्या तासाला आपण नाटक वाचतो तेव्हा पदे बहुधा ओलांडून पुढे जातो. ती गाण्यासाठी आहेत, वाचण्यासाठी नाहीत, असे आपण धरून चालतो. त्याऐवजी वर्षातून दोन-चार पदे वर्गात मोठ्याने वाचावीत, त्यांतल्या शब्दांचे अर्थ घरच्या बोलीत शोधावेत आणि मग ज्याला गळा आहे त्याने ती गावीत. राज्य शासनाच्या हौशी नाट्यस्पर्धांत संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी असते. आपल्या महाविद्यालयाचे विद्यार्थी तेथपर्यंत जातील की नाही हे पुढचे पुढे. पण वाईसारख्या गावात, जेथे विश्वकोशाच्या निमित्ताने मराठी शब्दांची एवढी चर्चा झाली आणि जेथे कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर आजही गाणे होते, तेथे पद वाचायला आणि म्हणायला विद्यार्थी मिळणार नाहीत असे मला वाटत नाही. पुढल्या वर्षी असा वर्ग निघाला तर 'गमला' या शब्दावर बोलायला मी आजीला घेऊन येईन.